काल परत

मोहना कर्णिक घरात आली ती चपला न काढता. बडोद्याच्या अकोटा भागातल्या त्या घरात असं कोणी केलं की जनार्दन खैरनारांच्या कपाळाला आठी पडायची. आज मात्र त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने खुर्ची पुढे सरकवली.

"चार वाजेपर्यंत कागद मिळाला नाही तर माझं 'अंगण' बंद," ती बसता बसता म्हणाली. "आज चार वाजेपर्यंत."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. टेबलामागे बसलेल्या यशश्री चित्रेने हातातला चहाचा कप खाली ठेवला. बडोद्यात खासगी तपासनीस म्हणून पाटी लावणारी ती बहुधा एकटीच बाई. घराणं चार पिढ्यांचं बडोदेकर, वय अडतीस, आणि गिऱ्हाईक घाबरलेलं असलं की तिचे डोळे चमकायला लागायचे. हे काही बरं लक्षण नव्हे, असं जनार्दनकाकांचं मत होतं.

जनार्दनकाका म्हणजे तिचे माडीवरचे भाडेकरू. मूळचे जळगावचे. नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात तेहतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाल्यापासून यशश्रीची वही, तिची स्कूटर आणि (त्यांच्या मते) तिची निम्मी अक्कल तेच सांभाळत.

"सावकाश सांगा," यशश्री म्हणाली. "कुठला कागद?"

मोहनाने एका दमात सांगितलं. 'अंगण' म्हणजे गोत्री भागातलं तिचं केंद्र. नोकरी करणाऱ्या आईबापांची बेचाळीस मुलं शाळेतून साडेतीनला तिथे येतात आणि सातपर्यंत राहतात. अशा केंद्राला परवानगी लागते. गेले चार महिने ती त्या परवानगीच्या मागे होती. आगीचा दाखला झाला, प्रत्येक शिक्षकाची पोलीस पडताळणी झाली, मागचं दुसरं दार झालं, पाण्याचा तपासणी अहवालही झाला. राहिलं होतं एकच, जागामालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र. ते मूळ प्रतीतच खिडकीवर दाखवायचं होतं.

"तिथल्या मॅडमनी बजावलंय, ओरिजिनल लावजो, गुरुवारे चार सुधी. आज गुरुवार. मुदत हुकली की अर्ज रद्द, आणि नवी परवानगी येईपर्यंत एकही मूल ठेवायचं नाही."

"मालकाकडून नवं घ्या की," काका म्हणाले.

"दत्ताजीरावकाका महिन्यापूर्वी कॅनडाला लेकीकडे गेले. सही करूनच गेले होते. आणि जाताना सांगून गेले, मुदतीत परवानगी आली तर जागा तुझी, नाही आली तर माझ्या पुतण्याची. तो केव्हापासून जिमसाठी मागतोय."

"आणि कागद फाइलमध्ये नाही."

"नाही. काल दुपारी दोनला मी स्वतः फाइल लावली, तेव्हा होता. आज अकराला उघडली तर त्या जागी ही चिठ्ठी."

पिवळ्या चिठ्ठीवर निळ्या शाईत, सुटी सुटी अक्षरं काढून लिहिलं होतं:

*संमतीपत्र झेरॉक्सला. काल परत. – अवनी*

"अवनी कोण?"

"आमच्याकडची नवी शिक्षिका. ती म्हणते, मी लिहिलंच नाही. रडून रडून डोळे सुजलेत तिचे."

जनार्दनकाकांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "सरळ आहे. नेला, झेरॉक्स काढली, काल परत ठेवला. नंतर दुसऱ्याच कोणी तरी पळवला."

यशश्रीने चिठ्ठी त्यांच्या हातून घेतली, एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग ती इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे घसरली.

"काका, स्कूटर काढा!"

·

'अंगण' हा एका बैठ्या बंगल्याचा पुढचा भाग होता. काकांनी आत शिरताच सवयीने भिंतीवरची अग्निशामक नळकांडी पाहिली. काटा हिरव्यावर होता. मागचं दार ढकलून पाहिलं, तेही उघडलं. त्यांना मोहनाबद्दल एकदम आदर वाटला. नंदेसरीतसुद्धा त्यांनी इतकं नीटनेटकं काम फार कमी ठिकाणी पाहिलं होतं.

ऑफिस म्हणजे एक टेबल आणि एक लोखंडी कपाट. हजेरीची रजिस्टरं कपाटातच असत. म्हणून मुलं असेपर्यंत कपाट उघडं, सातनंतर बंद, आणि किल्ली मोहनाच्या पर्समध्ये.

"म्हणजे काल दोन ते सात," यशश्री म्हणाली. "आत कोण कोण आलं?"

मोहनाने पाहुण्यांचं रजिस्टर पुढे केलं. बाहेरचा माणूस आला की त्याचं नाव, वेळ, काम लिहायचं, हा नियमच होता. कालच्या पानावर एकच नाव होतं. नलिनी खासगीवाले, चार दहा, काम: तक्रार.

काकांनी ते नाव वहीत उतरवून घेतलं. यशश्री मात्र शेजारचं दुसरं रजिस्टर चाळत होती. मूल कोणाच्या हवाली केलं, त्याची वेळ आणि नेणाऱ्याची सही, असं ते रजिस्टर होतं.

"त्यात काय आहे? घरी जाणारी मुलं," काका म्हणाले.

"हो ना," असं ती म्हणाली आणि तिचं बोट एका ओळीवर थांबलं. काकांनी वाकून पाहिलं. सानवी, पाच चाळीस, आणि एक गिचमीड सही. त्यांना त्यात काही विशेष दिसलं नाही.

अवनी साबळे कोपऱ्यात बसली होती. साताऱ्याहून लग्न होऊन आठ महिन्यांपूर्वी बडोद्यात आलेली. मुलं गुजरातीत बोलली की हिची फजिती होते, असं मोहना येतानाच बोलली होती.

"माझं अक्षर असं नाही हो, ताई," अवनी म्हणाली. "आणि झेरॉक्सचं यंत्र इथंच आहे. मी कशाला बाहेर नेईन?"

काका खाकरले. "नाव तर तुमचंच आहे."

"नाव कुणीही लिहील!" तिचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "मोहनाताईंनी मला पहिल्या दिवसापासून लेकीसारखं वागवलंय. मी त्यांचं वाईट करीन होय?"

यशश्रीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुन्हा बोलावं लागलं तर?"

"उद्याही इथंच आहे मी. कुठं जाणार?"

दुसरा शिक्षक निहार वैरागडे, नागपूरचा. मुलांना गणित आणि खो-खो शिकवायचा. काकांना तो पाहताक्षणीच संशयास्पद वाटला, कारण त्याने राजीनामा दिला होता.

"दुसरं केंद्र बोलावतंय, तिथे मोठं मैदान आहे. मी मोहनाताईंना तोंडावर सांगितलंय, लपवलं काय?" तो म्हणाला.

"काल ऑफिसात आला होतात?"

"दोनदा. शिट्टी घ्यायला आणि ठेवायला. तिथे कोणी नव्हतं."

"पुन्हा बोलावं लागलं तर?"

"उद्या शेवटचा दिवस आहे माझा. उद्या संध्याकाळपर्यंत बोला."

काकांनी वहीत निहारच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

शेजारच्या बंगल्यातल्या नलिनीबाई खासगीवाले सत्तरीच्या होत्या आणि तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी जाळीच्या दारातूनच उलटतपासणी घेतली, ती पण यशश्रीची.

"तक्रार मी केली, आणि पुन्हा करीन. चार वाजता माणसाचा डोळा लागतो, तेव्हाच यांचा आरडाओरडा सुरू होतो. पण कागद पळवणं हा माझा स्वभाव नाही. काय ते तोंडावर!"

यशश्रीने चिठ्ठी दाखवली. बाईंनी चष्मा सारखा केला.

"‘काल परत.’ क्रियापद कुठाय? असलं मराठी माझ्या हातून मेल्यावरसुद्धा उतरणार नाही."

"पुन्हा यावं लागलं तर?"

"उद्या घरी सत्यनारायण आहे. परवा या."

रस्त्यावर आल्यावर काकांनी घड्याळ पाहिलं. पावणेदोन. "यशश्री, तू सगळ्यांना हे काय विचारतेस, पुन्हा बोलावं लागलं तर? आपल्याला पुन्हा वेळच कुठे आहे?"

"गंमत म्हणून," ती म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले.

·

दत्ताजीरावांचा पुतण्या अमोघ मोहिते याचं व्यायामाच्या पावडरींचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडकुंडीला आलेल्या. स्वभाव मात्र एकदम मोकळा.

"आवो, आवो, बसा ने! चाय पिणार? नाही? असं कसं चालशे?"

"जागा तुम्हाला हवी होती," यशश्री म्हणाली.

"हवी होती नाही, हवी आहे. एमां लपवायचं शुं? एक नंबर जिम होईल. पण मोहनाबेनचं काम वाईट आहे असं मी कधी बोललो नाही. माझ्या ताईची सानवी तिथेच जाते. ताई नंदेसरीला लॅबमध्ये आहे, तिची बस साडेसातशिवाय गोत्रीत येत नाही. तिला तर 'अंगण' म्हणजे देव पावला."

"संमतीपत्र नाहीसं झालंय."

"ऐकलं. बहु खोटुं झालं." त्याने वाईट वाटल्यासारखी मान हलवली. "ती नवी टीचर जरा गोंधळलेलीच असते."

"पुन्हा बोलावं लागलं तर?"

"जे विचारायचं ते आत्ताच विचारा ने. काल तर मी नाही. आणंद. मित्राकडे नव्या घराची वास्तू आहे, आख्खा दिवस तिकडेच."

काकांनी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: अमोघ. काल पूर्ण दिवस आणंद. सुटला. बाहेर येऊन त्यांनी वही मिटली. त्यांची छाती फुगली होती.

"निहार," ते म्हणाले. "नाहीतर अवनी आणि निहार मिळून. अमोघवर माझा संशय होता, पण तो गावातच नव्हता. नलिनीबाईंना पळवापळवी झेपणार नाही. राहिलं कोण?"

यशश्री भर रस्त्यात खळखळून हसली.

"काका, तुम्हाला बडोद्यात येऊन किती वर्षं झाली?"

"तेहतीस आणि तीन. छत्तीस. का?"

"आणि कान अजून जळगावातच ठेवलेत! सगळ्यांना फोन लावा. पावणेतीनला 'अंगण'मध्ये. अमोघला सांगा, दत्ताजीरावांच्या जागेबद्दल बोलायचंय. म्हणजे धावत येईल."

·

पावणेतीनला मुलांच्या बुटक्या बाकांवर सगळे अवघडून बसले होते. अमोघच्या भाराने बाक कुरकुरत होतं. नलिनीबाई तेवढ्या खुर्चीवर बसल्या. मोहना दारापाशी उभी होती, आणि तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती.

"आधी चिठ्ठी," यशश्री म्हणाली. "आपण सगळ्यांनी ती अशी वाचली की कागद नेला आणि काल परत ठेवला. पण परत ठेवलेल्या वस्तूची चिठ्ठी कोणी ठेवतं का? वस्तू नेली असेल तरच तिच्या जागी चिठ्ठी राहते. दुसरं असं, की बुधवारी दुपारी दोनला कागद जागेवर होता आणि चिठ्ठी नव्हती. सातला कपाटाला कुलूप लागलं, ते आज मोहनाने उघडलं. म्हणजे चिठ्ठी बुधवारी दोन ते सातच्या मध्ये लिहिलेली. बुधवारी लिहिलेलं 'काल' म्हणजे मंगळवार. मंगळवारी परत केलेला कागद बुधवारी पळवला, असं चोर स्वतःच लिहून ठेवील?"

"निरर्थक आहे," नलिनीबाई म्हणाल्या.

"मराठीत निरर्थक आहे. पण या गावात आणखी एक भाषा बोलतात." यशश्री वळली. "अमोघ, आणंदची वास्तू कधी आहे?"

"सांगितलं ने. काल."

काका चमकले. "म्हणजे झाली ना?"

"झाली शुं? शुक्रवारे छे, काका. काल!"

बाक कुरकुरायचं थांबलं. अवनीने हळूच तोंडावर हात ठेवला.

काकांनी वही उघडली. काल तर मी *नाही*, असं म्हणाला होता तो. *नव्हतो* असं नाही. वास्तू *आहे* म्हणाला होता, *होती* नाही. त्यांच्या कानांनी ते बडोद्याचं कच्चं मराठी म्हणून सोडून दिलं आणि हातांनी त्याला आणंदला पाठवून मोकळं केलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गुजरातीत 'काले' म्हणजे गेलेला दिवसही आणि येणाराही," यशश्री म्हणाली. "गुजराती माध्यमात शिकलेला आपला माणूस त्यातला एकार पुसतो आणि समजतो की मराठी झालं. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. अवनी म्हणाली उद्या, निहार म्हणाला उद्या, नलिनीबाई म्हणाल्या उद्या. एकटे अमोघ म्हणाले काल. चिठ्ठीतला निरोप साधा होता. 'संमतीपत्र झेरॉक्सला नेलंय, उद्या परत ठेवते.' मोहनाने फाइल उघडलीच तर ती अवनीची वाट पाहत बसावी, एवढाच हेतू."

"पण मी इथे आलोच नाही!" अमोघ उठला. "रजिस्टर बघा, माझं नाव आहे का?"

"पाहुण्यांच्या रजिस्टरात नाही. सानवीची आई साडेसातशिवाय गोत्रीत पोचत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मग काल पाच चाळीसला सानवीला नेलं कोणी?"

मोहनाने कपाळावर हात मारून घेतला. "मामाने! रोज तोच नेतो. काल तिचे बूट सापडत नव्हते, तर हा दहा मिनिटं ऑफिसात बसला होता. माझ्या डोक्यातच आलं नाही. तो पाहुणा थोडाच आहे!"

"म्हणूनच कागद फाडला नसेल, अशी माझी अटकळ आहे," यशश्री म्हणाली. "फाडला तर काका कॅनडाहून दुसरा पाठवतील, चौकशी होईल. पण आज पाच चाळीसला सानवीला न्यायला यायचं आणि कागद गुपचूप फाइलमध्ये सरकवायचा, की झालं. मुदत गेलेली, कागद जागेवर, चिठ्ठीवर नाव अवनीचं. तुमच्या काकांना वाटणार, या बायकांना कागद सांभाळता येत नाही. तुम्ही स्वच्छ."

अमोघचे कान लाल झाले होते.

"तीनला पाच कमी आहेत," यशश्रीचा आवाज खाली आला. "तो कागद चारच्या आत खिडकीवर पोचला तर ही तुमची चूक. नाही पोचला तर ही चोरी, आणि मग मी नाही, पोलीस बोलतील."

"तुमच्या बहिणीने सानवीला ठेवायचं कुठे, याचा एकदा तरी विचार केलात?" मोहना म्हणाली.

अमोघने मान खाली घातली. "दुकानात आहे," तो पुटपुटला. "प्रोटीनच्या डब्यामागे. गाडी काढतो."

·

चोराच्याच गाडीतून चोरीचा माल सोडवायला जायची वेळ काकांवर पहिल्यांदाच आली होती. त्यांनी पुढच्या सीटवर बसून आधी पट्टा लावला, मग अमोघला लावायला लावला. डब्यामागून प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला कागद निघाला. मोहनाने नोटरीचा शिक्का पाहिला, सही पाहिली, आणि तो छातीशी धरून मागे यशश्रीच्या शेजारी बसली.

तीन वीस. पुलाच्या अलीकडे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या.

"हॉर्न वाजव रे!" काका ओरडले. आयुष्यभर ज्यांनी 'हॉर्न वाजवू नका'च्या पाट्या लावल्या, तेच. पुढे सिग्नल पिवळा झाला, अमोघने त्यांच्याकडे पाहिलं. पण काकांची तेहतीस वर्षांची सवय आडवी आली. "थांब!" ते म्हणाले. ती नव्वद सेकंदं त्यांनी तोंडाने मोजली.

तीन बावन्नला मोहना कचेरीच्या पायऱ्या दोन दोन करत चढली. खिडकीतल्या मॅडम पर्स आवरत होत्या. त्यांनी चष्म्यावरून मोहनाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, उलटसुलट करून पुन्हा पाहिलं.

"मळी गयुं?"

"मळी गयुं, बेन, मिळालं," मोहना धापा टाकत म्हणाली.

शिक्का धाडकन आपटला. काकांनी यशश्रीचा हात धरून असा हलवला की तिच्या बांगड्या वाजल्या. मोहना खिडकीपाशीच हसत होती आणि त्याच वेळी रडत होती. मागे रांगेत उभ्या असलेल्या दोघा अनोळखी माणसांनी काय झालं ते न कळताच तिचं अभिनंदन केलं.

अमोघ पायऱ्यांवर उभा होता. "मोहनाबेन," तो म्हणाला, "काकांना सांगू नका. प्लीज."

मोहनाने डोळे पुसले. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगाल. आत्ता, माझ्यासमोर. आणि अवनीचं नाव तुम्हीच लिहिलंत, हेही."

तिकडे पहाट होती, पण दत्ताजीरावांनी दुसऱ्याच घंटीला फोन उचलला. अमोघने स्पीकर लावला आणि सगळं सांगितलं.

"मोहनाकडे दे," पलीकडून म्हातारा आवाज आला. "पोरी, शिक्का बसला?"

"बसला, काका."

"करार एक वर्षाचा केला होता ना आपण? दहा वर्षांचा कर. मी इथून सही पाठवतो."

अमोघने तोंड फिरवलं. मोहनाने फोन दोन्ही हातांनी धरला होता. ती क्षणभर त्याच्या त्या रुंद, खचलेल्या पाठीकडे पाहत राहिली.

"दहा नको, काका," ती म्हणाली. "सानवी दुसरीत आहे. ती मोठी होऊन एकटी घरी जायला लागेपर्यंतचा करा."